देवानं न फेडलेलं कर्ज

दामाजीपंतांची गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेली असणार. सप्ताहातल्या कीर्तनात, नाहीतर आजीकडून. काळ पंधराव्या शतकातला. बिदरला बहमनी सुलतान आणि मंगळवेढ्याला त्याचे अंमलदार दामाजीपंत. दुष्काळ पडला. सरकारी कोठारं धान्यानं भरलेली आणि दाराबाहेर माणसं उपाशी. दामाजीपंतांनी कोठारं उघडली आणि धान्य वाटून टाकलं. कुणीतरी बिदरला चहाडी केली. हुकूम सुटला, धान्याची रक्कम वसूल करा आणि दामाजीला बांधून हजर करा. शिपाई त्यांना घेऊन निघाले. इकडे पंढरीचा विठोबा विठू महाराच्या रूपात, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन, बिदरच्या दरबारात जाऊन उभा राहिला. जवळ एक लहानशी थैली होती. तिच्यातून मोहरा निघतच राहिल्या. सगळी रक्कम चुकती झाली. विठूनं रीतसर पावती घेतली आणि ती दामाजीपंतांच्या पोथीत नेऊन ठेवली.

महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ या ग्रंथात ही गोष्ट आहे. गेली अडीचशे वर्षं ती गावोगावच्या मंडपांत सांगितली जाते. ऐकणारे सगळ्यात जास्त भारावतात ते विठू दरबारात शिरतो तेव्हा नव्हे, तर पावती हातात पडते तेव्हा.

मी ढाणकीचा. यवतमाळ जिल्हा, उमरखेड तालुका. पैनगंगा ओलांडली की हिमायतनगर, म्हणजे नांदेड जिल्हा, मराठवाडा. कापूस, सोयाबीन, तूर यांवर चालणारा हा मुलूख. आमच्याकडच्या मंडपात पावतीचा प्रसंग आला की माणसं एकदम गप्प का होतात, हे समजायला फार विचार करावा लागत नाही. समोर बसलेल्या अनेकांच्या सातबाऱ्यावर बँकेचा नाहीतर सोसायटीचा बोजा चढलेला असतो. सातबाऱ्यावर न चढलेलं, हातउसनं आणि व्याजाचं कर्ज वेगळंच. दामाजींचं देणं देवानं फेडलं. मग आपलं? आपण हाका मारतोय, तो बोलत का नाही? हा प्रश्न मंडपात मोठ्यानं कुणी विचारत नाही. पण तो तिथे असतो.

मला तो इतिहासाला विचारून बघायचा आहे. संकटात देव गप्प आहे असं वाटतं, तेव्हा विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं? आपल्याच मुलखात, आपल्याच भाषेत ज्यांच्यावर ही वेळ आली, त्यांनी काय केलं?

माहूरची बारा वर्षं

सुरुवात आमच्या जवळच्या माहूरपासून करतो. रेणुकेचं आणि दत्ताचं माहूर. ढाणकीकडची माणसं नवरात्रात आणि दत्तजयंतीला तिथं जातात. या माहूरशी दासोपंतांचं नाव जोडलेलं आहे.

दासोपंतांचा जन्म १५५१ सालचा. वडील दिगंबरपंत बिदरच्या बरीदशाहीतले वतनदार. दुष्काळामुळे सरकारी वसुली भरता आली नाही, म्हणून बादशहानं दासोपंतांना ओलीस ठेवलं. महिन्याची मुदत दिली. पैसे आले नाहीत तर मुलाला बाटवणार असं ठरलं. दासोपंत दत्ताचा धावा करत राहिले. मुदतीच्या अखेरच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा एक अनोळखी माणूस आला आणि त्यानं सगळी रक्कम भरली. तो म्हणजे प्रत्यक्ष दत्त, असं परंपरा सांगते. इथपर्यंत ही दामाजींचीच गोष्ट वाटते. तेच बिदर, तीच थकबाकी, तोच अनोळखी तारणहार.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या पुढचं. सुटका झाल्यावर दासोपंतांना त्या देवाला डोळे भरून बघायची ओढ लागली. घर सोडून ते माहूरला आले. बारा वर्षं राहिले. आणि परंपराच सांगते की या बारा वर्षांत दर्शन झालं नाही. शेवटी ते माहूर सोडून गोदाकाठच्या राक्षसभुवनला गेले आणि तिथं पुन्हा साधनेला बसले.

बारा वर्षं हा आकडा आपण पोथीत वाचतो आणि पुढे जातो. त्याला आपल्या वयात मोजून बघा. पाचवीतलं पोर त्या काळात पदवी घेऊन नोकरीच्या रांगेत उभं राहतं. एवढा काळ ज्या दारात बसलो ते दार उघडलंच नाही. चमत्काराची गोष्ट सांगणाऱ्या परंपरेनं ही बारा वर्षं गाळून टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिनं ती जपली. हेच दासोपंत पुढे अंबाजोगाईला स्थिरावले. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ त्यांच्या नावावर आहे, आणि सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर, पासोडीवर, लिहिलेला ग्रंथही. इतकं प्रचंड लिहिणारा हा माणूस आपल्या उमेदीची बारा वर्षं उत्तराविना बसलेला होता.

पण दासोपंतांचं एक देणं तरी देवानं फेडलं होतं, असं कुणी म्हणेल. ज्याचं काहीच फेडलं गेलं नाही, त्याचं काय?

विठू न आलेला दुष्काळ

त्यासाठी देहूला जावं लागतं, १६३० साली.

या वर्षाची आपल्याला तोंडपाठ असलेली तारीख १९ फेब्रुवारी. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म. पण ज्या महाराष्ट्रात ते जन्मले तो कसा होता? शके १५५१-५२, म्हणजे १६२९ ते १६३१, या काळात दख्खन आणि गुजरातवर भयंकर दुष्काळ कोसळला. पाऊस नाही, आणि त्यावर लढायांची भर. शहाजहान बादशहा दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपूरला तळ ठोकून होता. तिथंच १७ जून १६३१ रोजी मुमताज महल बाळंतपणात गेली. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं जाळून त्यावर गाढवांचा नांगर फिरवला. अस्मानी आणि सुलतानी असं जे आपण म्हणतो, ते दोन्ही एकाच वेळी.

पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे निघाला. रस्त्याकडेला पडलेली प्रेतं आणि जनावरांच्या शेणातले दाणे वेचणारी माणसं त्यानं नोंदवून ठेवली आहेत. बादशहाच्या दरबारी इतिहासकारानं, अब्दुल हमीद लाहोरीनं, मदतीचा हिशेब लिहिला आहे. बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत इथं लंगर उघडले. बऱ्हाणपूरला दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले. वीस आठवड्यांत एक लाख. ज्या बादशहानं पुढे बायकोच्या कबरीसाठी ताजमहाल उभा केला, त्याच्या तिजोरीतून भुकेसाठी निघालेली रक्कम ही.

देहूत तेव्हा एक विशीतला वाणी होता. तुकाराम बोल्होबा. घरचा व्यापार, थोडी सावकारी, गावात महाजनकी, आणि पूर्वजांनी बांधलेलं विठोबाचं देऊळ. आईवडील आधीच गेलेले, थोरला भाऊ विरक्त होऊन घराबाहेर पडलेला. दुष्काळात व्यापार बुडाला, दिवाळं निघालं, गावातली पत गेली. दम्यानं आजारी असलेली थोरली बायको रखमा अन्न अन्न करत गेली. मुलगा संतूही गेला. ही कुणी नंतर रचलेली आख्यायिका नाही. दुष्काळ, भुकेनं गेलेली बायको, वाटलेली लाज, बुडालेला धंदा हे सगळं तुकारामांनी स्वतःच्या अभंगात सांगितलं आहे, फार थोड्या शब्दांत, जणू वहीतली नोंद करावी तसं.

या घराला विठ्ठलभक्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. वारी चुकलेली नाही. देऊळ घरचं. आणि देहू ते पंढरपूर अंतर ते किती? पण देहूला कुणी विठू आला नाही. थैली उघडली नाही. पावती आली नाही.

तुकाराम भांडले

मग तुकारामांनी विश्वास ठेवला म्हणजे काय केलं? पहिली गोष्ट, ते गप्प बसले नाहीत. देव बोलत नव्हता म्हणून ते बोलले. गाथा उघडून बघा. तिच्यात शांत, समाधानी अभंग आहेत तसे रागाचेही आहेत. देवाला ते निष्ठुर म्हणतात, नादार म्हणतात, लाज काढतात. एका ठिकाणी तर माझ्यापुरता तू मेलास, ज्याच्यासाठी असशील त्याच्यासाठी अस, अशा अर्थाचं बोलून मोकळे होतात. वाण्याच्या पोराची भाषा ती. येणं, देणं, मुद्दल, जामीन. देवाकडे आपली थकबाकी आहे असं समजून ते वसुलीला बसलेले दिसतात.

मोबाईलवर येणाऱ्या सुविचारांत विश्वास म्हणजे तक्रार न करणं, असं सांगितलेलं असतं. मराठी भक्तीची परंपरा असं सांगत नाही. नामदेव विठ्ठलाशी रुसतात. जनाबाई त्याला शिव्या घालते. चोखामेळा देवळाबाहेर उभा राहून विचारतो की माझ्या जन्माला हे असं का. ज्याच्याशी नातं संपलं त्याच्याशी कुणी भांडत नाही. भांडण म्हणजे पत्ता अजून तोच आहे, दार अजून तेच आहे, फक्त आतून आवाज येत नाही. तरीही दार वाजवत राहणं, याला या लोकांनी विश्वास म्हटलं. मनात आलेला संशय दाबून टाकायला त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तो संशय देवाच्याच पायरीवर नेऊन ठेवला.

खतं नदीत गेली

दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते, आणि तिची चर्चा कमी होते.

तुकारामांच्या घरी सावकारी होती. लोकांना दिलेल्या कर्जाचे कागद होते. त्यांना खतं म्हणत. शेतात टाकतो ते खत नव्हे. कर्जखत, गहाणखत म्हणतो त्यातलं खत. दुष्काळानं दिवाळं निघालेल्या घरात ही खतं म्हणजे उरलेली एकमेव मालमत्ता. वसुली केली असती तर घर पुन्हा उभं राहिलं असतं. परंपरा सांगते की तुकारामांनी धाकट्या भावाबरोबर, कान्होबाबरोबर, खतांची वाटणी केली. भावाच्या वाटणीची अर्धी त्याला दिली. त्याचा संसार होता, त्याच्यावर आपला निर्णय लादला नाही. स्वतःच्या वाटणीची अर्धी इंद्रायणीत बुडवली. ज्यांची खतं बुडाली ते सगळे कर्जातून सुटले.

आता हे दामाजींच्या गोष्टीशेजारी ठेवा. दामाजींचं देणं विठूनं फेडलं. तुकारामांचं देणं कुणी फेडलं नाही, तेव्हा तुकाराम स्वतःच दुसऱ्यांसाठी विठू झाले. देवाकडून जे मिळालं नाही तेच त्यांनी लोकांना दिलं. तुमच्यामाझ्या हिशेबात हे बसत नाही. आपला साधा हिशेब असा की मला मिळालं तर मी देईन. तुकारामांनी उलटं केलं. मला मिळालं नाही, म्हणजे न मिळणं काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून मी देतो.

हे ध्यानात आल्यावर मी दामाजींची गोष्ट पुन्हा वाचली, आणि एक साधी गोष्ट दिसली. त्या गोष्टीत देव शेवटी येतो. पहिल्यांदा काय होतं? एक माणूस कोठाराचं कुलूप काढतो. विठू बिदरला जाणार आहे हे त्याला माहीत नाही. पावतीची हमी नाही. असलाच तर फाशीचा धोका आहे. तो देवाच्या उत्तराची वाट बघत कोठारासमोर बसून राहिला असता तर मंगळवेढ्याची माणसं मेली असती आणि सांगायला गोष्टच उरली नसती. आपण चमत्कार लक्षात ठेवतो आणि कुलूप विसरतो.

हे दुसऱ्याला सांगू नये

तुकारामांचा आणखी एक विचार प्रसिद्ध आहे. दिवाळं निघालं, दुष्काळानं पीडा दिली, बायको गेली, ते बरंच झालं, कारण त्यामुळे मी तुझ्याकडे वळलो, असं ते देवाला म्हणतात. हा विचार कीर्तनात फार वापरला जातो. इथे थोडं जपून राहायला हवं.

हे तुकाराम स्वतःबद्दल बोलले. स्वतःच्या दुःखाबद्दल, आणि त्यातून गेल्यानंतर. दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन, तुझं घर बुडालं ते बरं झालं, देवाची योजना असेल, असं ते म्हणाल्याचं कुठे दिसत नाही. खतं बुडवण्याची कृती तर याच्या नेमकी उलट आहे. कर्ज ही माणसाची परीक्षा आणि त्यात त्याचं भलं, असं त्यांना वाटत असतं तर त्यांनी लोकांना त्या परीक्षेत राहू दिलं असतं. स्वतःच्या वाट्याला आलेल्या दुःखात अर्थ शोधायचा हक्क ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याच्या दुःखाला अर्थ चिकटवायचा हक्क कुणालाच नाही. दुसऱ्याच्या दुःखात फक्त कोठार उघडता येतं.

ज्यांनी ते दार सोडलं

गप्प देवाच्या दारात सगळेच बसून राहिले नाहीत. त्यांचीही गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा इतिहास अर्धा राहील.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान पुराणिक. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारे, आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करणारे. हे कुटुंब तीर्थाटन करत दक्षिण भारतात फिरत होतं. १८७० च्या दशकात दुष्काळात सापडलं. त्यांनी व्रतं केली, उपास केले, देवांना साकडं घातलं, उरलेला पैसा दानधर्मात घातला. उत्तर आलं नाही. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी चालत देशभर हिंडले. १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथं विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. तोवर तिच्या मनातला जुना विश्वास उरला नव्हता. १८८३ साली इंग्लंडमध्ये तिनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात त्यावरून गदारोळ झाला. ज्या देवांकडे आईवडिलांनी प्राण जाईपर्यंत धावा केला त्यांच्याविषयी रमाबाईंनी पुढे आत्मकथनात परखडपणे लिहिलं.

ती बरोबर होती की चूक, हा वाद मी इथे घालत नाही. मला दिसतं ते वेगळं. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा हीच बाई तिथं गेली आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन परतली. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. शेकडो मुली आणि विधवा तिथं जगल्या, शिकल्या. लहानपणी दुष्काळात ज्या दाराशी ती उभी होती ते तिच्यासाठी कुणी उघडलं नव्हतं. मोठेपणी तिनं स्वतः एक दार उघडलं. देव बदलला, धर्म बदलला, तरी जिथं पोचली ती जागा तुकारामांच्या जवळचीच.

गप्प कोण होतं?

आता परत वऱ्हाडात येतो, कारण इथे प्रश्नाला एक वेगळं वळण मिळतं.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामी, अशी आमची सीमा झाली. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. रेल्वे आली. ज्वारीची जागा कपाशीनं घेतली. जमीन गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली, आणि खतं वाढली. लक्ष्मण सत्या या इतिहासकारानं ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या १९९७ च्या पुस्तकात हीच साखळी दाखवली आहे. कापसाचं वैभव आणि भूक ही दोन टोकं नव्हती, एकातूनच दुसरं आलं. १८९९-१९०० च्या दुष्काळानं वऱ्हाडाला झोडपलं. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायची ती घटली.

पाऊस न पडणं आभाळाच्या हातात. पण घरात ज्वारीची कणगी नसणं, शेतावर सावकाराचं खत असणं, हे आभाळानं केलेलं नव्हतं. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या शेतकऱ्यांनी हे १८७५ साली नेमकं ओळखलं. १२ मे रोजी ते सावकारांच्या दारात गेले. त्यांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. खतं काढली आणि जाळली. हे लोण आजूबाजूच्या गावांत पसरलं. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना सावकारीपासून थोडं संरक्षण देणारा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. वऱ्हाडासाठी नव्हता.

म्हणून देव गप्प का, असं विचारण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. नक्की गप्प कोण आहे? पुष्कळदा आपण ज्याला देवाचं मौन म्हणतो ते सरकारचं, बाजाराचं, शेजाऱ्याचं मौन असतं. चोखामेळ्याला देऊळ बंद होतं ते विठ्ठलानं केलं नव्हतं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं आणि माणसांनी लावलेलं कुलूप माणसांना काढावं लागलं.

वऱ्हाडातला एक परीट हे फार सोप्या भाषेत सांगत फिरला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, आपले गाडगेबाबा. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. बाप दारूनं गेला. ज्या मामाच्या घरी वाढले त्याची जमीन सावकाराच्या घशात गेली. १९०५ साली घर सोडलं आणि हातात खराटा घेतला. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे, देव कुठे आहे, तुम्ही पाह्यला का? सणासाठी कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, भुकेल्याला जेवू घाला, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी त्यांना मिळाली. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, असं सांगतात. देवानं उत्तर दिलं का, असं कुणी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी बहुधा खराटा पुढे केला असता. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं त्यांनी उभारलेल्या धर्मशाळा हेच त्यांचं उत्तर.

आज, पैनगंगेच्या काठी

१९ मार्च १९८६ रोजी आमच्या शेजारच्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली जाहीर नोंद झालेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. त्यांच्या आठवणीत २०१७ पासून दर १९ मार्चला राज्यात अनेकजण एक दिवस अन्नत्याग करतात. त्यानंतर यवतमाळ हे नाव देशभर कशासाठी घेतलं जाऊ लागलं, ते तुम्हाला माहीत आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ साली देशव्यापी कर्जमाफी आली. पण पूर्ण माफीला पाच एकरांची अट होती. कोरडवाहू विदर्भात आठ-दहा एकरवाला ओलितातल्या दोन एकरवाल्याइतकाच गरीब असतो, तो त्यातून सुटला. आणि सावकाराचं खत तर कुठल्याच यादीत नव्हतं.

या मुलखात एखाद्या घरी जाऊन ‘देवावर विश्वास ठेवा’ म्हणणं सोपं नाही. म्हणणाऱ्याच्या तोंडात ते शब्द हलके पडतात. मी स्वतः असे शब्द ऐकले आहेत आणि ऐकणाऱ्याचा चेहराही बघितला आहे. म्हणूनच ही सगळी माणसं मला मोलाची वाटतात. विश्वास ठेव, सगळं ठीक होईल, असं त्यांच्यातला कुणीच सांगत नाही. तुकारामांचं सगळं ठीक झालं नाही. रखमा परत आली नाही. दासोपंतांची बारा वर्षं परत आली नाहीत. गाडगेबाबांचा गोविंदा परत आला नाही.

त्यांच्याकडून मला तीन गोष्टी घेता येतात. मनात राग असेल तर तो बोलावा, देवाजवळ बोलावा, माणसाजवळ बोलावा. गिळू नये. ज्या मौनाला माणसं जबाबदार आहेत ते देवाच्या नावावर खपवू देऊ नये, त्याचा जाब जिथं विचारायचा तिथं विचारावा. आणि आपल्या हातात एखादं तरी कुलूप, एखादं तरी खत असतंच, ते उघडावं, ते सोडावं. उसने दिलेले पाचशे रुपये असतील, शेजारच्या पोराची परीक्षेची फी असेल, नाहीतर रात्री अकराला आलेला फोन उचलणं असेल. आणि हाक मारणारे तुम्ही स्वतः असाल, मनात नको ते येत असेल, तर जवळच्या कुणाला तरी आत्ताच उठवा. कुणी जवळ नसेल तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेली-मानस सेवा रात्रंदिवस मराठीतही बोलते. हाक मारण्यात कमीपणा नाही. तुकारामांनी तर आयुष्यभर तेच केलं.

पुढच्या सप्ताहात महाराज पुन्हा दामाजीपंतांची गोष्ट सांगतील. मंडप पावतीपाशी पुन्हा गप्प होईल. सांगायचं एवढंच, की गोष्ट नीट पहिल्यापासून ऐका. विठू बिदरला निघायच्या कितीतरी आधी मंगळवेढ्याला एक कुलूप उघडलेलं असतं.